इथं बुरशी पाळली हाय

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी केळीच्या सालींत कोपरापर्यंत हात घालून उभी होते. "कामाचे अनुभव लिहा," ते म्हणाले. मी म्हटलं, अहो, असले लेख लोक निवृत्त झाल्यावर लिहितात, नातवाला मांडीवर घेऊन. माझं तर अजून लग्न व्हायचंय, घरचे रोज न चुकता आठवण करून देतात. ते म्हणाले, "तुम्ही भांडता चांगलं. तसंच लिहा." म्हणून हे असं आहे. गोड लागलं नाही, तर पुढच्या पानांवर पाककृती असतीलच.

मी मूळची निरगुडसरची. कॉलेजात असताना आमचा एक गट होता. आम्ही पत्रकं काढायचो आणि बाजारात, एस.टी. स्टँडवर, जत्रेत वाटायचो. "ओढा तुमच्या बापाचा आहे काय?" हा मथळा माझा. मला अजूनही तो आवडतो. रसवाले, फळवाले, लग्नाचे हॉल, सगळ्यांच्या साली पिशव्यांत भरून ओढ्यात जात होत्या. पाण्यावर फेस, काठावर चिलटं, आणि वास असा की म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या. याचा राग येत नसेल तर कशाचा येणार? मला आला, आणि मी तो छापून वाटला.

एका संकष्टीला ओझरच्या गणपतीच्या वाटेवर पत्रकं वाटत होते. तिथे रत्नाक्काची फळांची गाडी असते. उपासवाल्यांना पपई, अननस, केळी कापून द्यायची, वर चिमूटभर सैंधव. मी तिच्या हातात पत्रकांचा गठ्ठा दिला, म्हटलं, गिऱ्हाइकांना द्या. तासाभराने परत आले तर खरंच प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात माझं पत्रक. त्यावर पपईच्या फोडी.

"अक्का! हे काय केलंत?"

"तूच म्हन्लीस ना गिऱ्हाइकाला दे. कागद लई झ्याक हाय तुजा, रस खाली उतरत न्हाई."

मी भडकले. ती शांतपणे अननसाचे डोळे काढत राहिली. मग म्हणाली, "वाचलंय मी. ओढ्यात टाकू नका म्हंतीस. मंग टाकू कुठं, ते लिवलंय का कुठं ह्यात?"

लिहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक होतं, पण कुठेच लिहिलं नव्हतं. त्या प्रश्नामुळे मी आज सालींत हात घालून उभी आहे.

आता धंदा समजावून सांगते, कारण 'सालींपासून इथेनॉल' म्हटलं की लोक दोनच चेहरे करतात. एक, ही बाई थापा मारतेय. दोन, ही बाई दारू गाळतेय. दोन्ही चूक.

फळाच्या सालीत साखर असते. थोडी उघड असते, तीच चिलटांना कळते. बरीचशी मात्र साखळीसारखी एकात एक गुंतलेली, त्यामुळे ती गोडही लागत नाही आणि कुणाला पचतही नाही. ही साखळी तोडायला एन्झाइम लागतं. एन्झाइम म्हणजे जादू नाही. भाकरीचा एक घास न गिळता चावत राहा, थोड्या वेळाने गोड लागायला लागतो. तुमच्या लाळेतलं एन्झाइम भाकरीतली साखळी तोडतं म्हणून. आम्ही तेच ड्रममध्ये करतो, फक्त सालींची साखळी वेगळी म्हणून कात्रीही वेगळी. साली कडबाकुट्टीवर बारीक करायच्या, पाण्यात शिजवायच्या, अंगाला सोसेल इतक्या कोमट झाल्या की एन्झाइमची पूड घालून झाकून ठेवायचं. आज पिठल्यासारखा घट्ट लगदा असतो आणि उद्या झाकण उघडलं की पातळ ताक! चमचा उभा राहत होता तिथे लाट उठते. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारून दाखवते.

मग यीस्ट. दुधाला विरजण लावतो तसं. गुळाच्या कोमट पाण्यात आधी जागं करायचं आणि मग त्या गोड ताकात सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं. एक अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, आणि दुसरा वायू. ड्रमचं तोंड घट्ट बंद असतं. झाकणातून एक नळी काढून पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. वायू त्या नळीतून बाहेर पडतो आणि बाटलीत बुडबुडे येतात. बुडुक. बुडुक. बुडुक. हा आवाज चालू असेल तर आतलं यीस्ट जेवतंय. आवाज थांबला तर एक तर जेवण संपलं, नाहीतर जेवणारं मेलं.

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी रत्नाक्काला गच्च धरून नाचले होते. अक्का म्हणाली, "सोड बये, कोनी बघंल." पण सोडलं नाही तिनेही.

आणि आता महत्त्वाचं. यीस्ट ही बुरशी आहे. डोळ्यांना न दिसणारी, एकेका पेशीची, पण बुरशीच. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ज्या गावात काम करायला गेले त्या गावाला ते सांगायचं राहून गेलं.

बुडबुडे थांबले की ते पाणी उकळून वाफ थंड करायची. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं, म्हणून आधी तेच जास्त येतं. एकदा करून भागत नाही, कारण पहिल्या वेळी आलेल्यात पाणी इतकं असतं की ते पेटतच नाही. पुन्हा करावं लागतं. याला पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतात. गावात भट्टी म्हणतात. मी किती सांगितलं, भट्टी म्हणू नका. ऐकतंय कोण! परवानगीसाठी मी इतके हेलपाटे घातले की पुण्यातल्या दारूबंदी खात्याच्या कचेरीतला शिपाई मला "आलात?" ऐवजी "बसा" म्हणायला लागला होता. अट अशी की निघालेल्या स्पिरिटमध्ये लगेच कडू औषध मिसळायचं, म्हणजे ते फक्त जाळण्याच्या कामाचं राहतं. आम्ही मिसळतो. एक थेंब जिभेला लागला तर माणूस दिवसभर थुंकत फिरेल.

तरी एक गृहस्थ सकाळी सकाळी रिकामा कॅन घेऊन यायचे. पांढरी टोपी, पायात कोल्हापुरी, अगदी सभ्य.

"ताई, पहिल्या धारेची असंल तर द्या वाईच."

"काका, हे स्टोव्हचं आहे. विष आहे."

"सगळ्याच भट्टीवाल्या असं म्हंत्यात. मी कोनाला सांगत न्हाई."

शेवटी मी त्यांना बाटलीचं बूच हुंगायला दिलं. त्यांनी नाक मुरडलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुमची कृती चुकतीया." गेले ते परत आले नाहीत. मला मिळालेला तांत्रिक सल्ला म्हणून मी तो जपून ठेवलाय.

सुरुवातीला आम्ही चुकलोही. रत्नाक्काच्या गाडीवरच्या सगळ्या साली एकत्र टाकायचो. मोसंबीच्या सालीत तेल असतं, तिची साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात ना, तेच. ते तेल यीस्टला सोसत नाही. डाळिंबाच्या सालीतला तुरटपणाही त्याला आवडत नाही. मग अक्काने गाडीखाली दोन टोपल्या ठेवल्या आणि गिऱ्हाइकांना दटावायला लागली, "ओ पावणं, मोसंबीचं त्या टोपलीत! हिकडं आमची लेकरं जेवत्यात." पावणं घाबरून टोपलीत डोकवायचे.

पण जागा नव्हती. हे सगळं मी घराच्या मागे करत होते आणि शेजारच्यांनी वासावरून माझ्या आईशी अबोला धरला होता. तेव्हा रत्नाक्काने मला येडगावला तिच्या माहेरच्या भावकीतल्या भिकूअण्णांकडे नेलं.

भिकूअण्णा म्हणजे द्राक्षवाले. धरणाच्या पाण्यावर बाग, बागेच्या कडेला द्राक्षं पॅक करायची जुनी शेड, आता नवी झाल्यामुळे रिकामी पडलेली. अण्णांचं वय झालंय, पण बागेतून फिरताना पानांच्या पाठी उलट्या करून बघायची सवय सुटलेली नाही. द्राक्षवाल्याचा वैरी एकच, बुरशी. डावणी म्हणतात तिला. पानावर तेलकट डाग दिसला की रात्रीत पसरते आणि घडच्या घड वाळून जातात. अण्णांची एक पूर्ण बाग तरुणपणी डावणीनं गेली होती. तेव्हापासून ते ढग बघून औषध कालवतात. गावात कुणाच्या बागेत डाग दिसला तर लोक आधी अण्णांना बोलावतात. त्यांच्या अंगाला, सदऱ्याला, मिशीलासुद्धा मोरचुदाची, म्हणजे त्या औषधाची, निळी छटा असते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सालीवर च्या व्हईल?"

"होईल."

"मंग ठरलं. ही संकष्टी जाऊ दे, तिच्या फुडल्या संकष्टीला मला उपास असतोय. दुपारचा च्या तुज्या सालीवर. झाला, तर शेड तुजी, हवी तेवढी वापर. न्हाई झाला, तर संतोषचे क्रेट यायचेत तिथं."

संतोष त्यांचा मुलगा. शेडमध्ये प्लॅस्टिकचे क्रेट भरायची त्याची केव्हाची इच्छा. तो भिंतीला टेकून म्हणाला, "मॅडम, गॅस सिलिंडर आणून ठेवू का मागं? इज्जत राहील तुमची."

मी म्हटलं, "तुमचे क्रेट उन्हात राहणारेत. ताडपत्री घेऊन ठेवा."

हे बोलणं सोपं होतं. पण ती शेड गेली तर दुसरी नव्हती. आईने सांगून टाकलं होतं, आता घरामागे एक ड्रम दिसला तर मी ओढ्यात टाकीन. माझ्याच ओढ्यात!

मग कामाला लागलो. ती आधीची संकष्टी झाली त्याच संध्याकाळी अक्काच्या गाडीवरच्या साली आल्या, केळी, पपई, अननस. कुट्टी केली, अण्णांच्याच बागेच्या छाटणीच्या काड्यांवर शिजवलं. एन्झाइमनं आपलं काम केलं, पिठल्याचं ताक झालं, आणि यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत पहिला बुडबुडा. सूर लागला. मी अण्णांना बोलावून दाखवलं. त्यांनी ड्रमला कान लावला.

"आत कोन हाय?"

"यीस्ट आहे, अण्णा."

"बरंय," म्हणाले, आणि गेले. मी 'यीस्ट' म्हणाले. बुरशी म्हणाले नाही. इंग्रजी शब्दात शहाणपण वाटतं ना आपल्याला!

त्यानंतर मला दोन दिवस गावी थांबावं लागलं. परत आले, स्कूटर उभी केली, शेडमध्ये पाऊल टाकलं, आणि आवाज नव्हता.

बाटलीतलं पाणी गप्प. नळी ठीक. झाकण ठीक, फक्त त्याचा पट्टा मी लावते तसा नाही, उलटा लावलेला. उघडलं. फेस बसलेला. ड्रमच्या आतल्या काठाला एक निळसर कडं, आणि वास ओळखीचा. हा वास या गावात कार्तिकात सगळीकडे असतो.

मी बाहेर येऊन ओरडले. काय ओरडले ते छापण्यासारखं नाही. रत्नाक्का आली, संतोष आला, शेजारच्या बागेतले मजूर आले. मला खात्री होती, हे संतोषचं काम. मी त्याच्यासमोर उभी राहिले, माझी सगळी पत्रकं एका दमात बोलायला. तेवढ्यात अण्णा आले, बागेतून, हात पुसत, हसतमुख.

"गप झालं ना? मीच केलं. आगं पोरी, तू नशीबवान! काल सहज झाकान उघाडलं तर वर ह्यो फेस, आन् पांढरं पांढरं चढलेलं. बुरशी! माल नासाय लागला व्हता सगळा. तू न्हाईस, म्हनलं आता काय करावं. घरात मोरचूद-चुना कालवलेला व्हताच. दिला घालून. येळेवर बघितलं म्हनून वाचलं."

 

चळवळीत मला शिकवलेलं आहे की समोरच्याला खरं सांगायचं, तोंडावर सांगायचं, आणि पाणी घालून सांगायचं नाही. मी तसंच सांगितलं.

"अण्णा, ती बुरशीच काम करत होती. तिलाच पाळली होती मी. तुम्ही मारलीत."

अण्णांचं हसू गेलं नाही लगेच. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का जमिनीकडे बघत होती.

"बुरशी पाळली व्हतीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो."

ते ड्रमपाशी गेले, आत पाहिलं. मग म्हणाले, "उभ्या जन्मात बुरशी दिसली आन् मी सोडली, असं झालं न्हाई. ह्ये कसं मला कळावं?" आणि घरात निघून गेले. जेवले नाहीत असं काकूंनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं त्यात माझ्यासाठी जागा नव्हती.

मला राग येत होता, पण धरायचा कुणावर? अण्णांवर? त्यांनी माझ्या ड्रमची आपल्या बागेसारखी काळजी घेतली होती. राग त्या गोष्टीवर यायला हवा की आपल्याकडे प्रत्येक दुकानात बुरशी मारायची पन्नास औषधं मांडलेली असतात आणि बुरशी कामाला लावता येते हे सांगणारं एक माणूस नसतं. माणूस होतं की. मी होते. मी 'यीस्ट' म्हणत बसले होते.

असो. संकष्टीला तीन आठवडेही उरले नव्हते, पण जमण्यासारखं होतं. साली हव्या होत्या आणि ड्रम हवा होता. सालींची सोय अक्काने केली. नारायणगावकडच्या एका लग्नात फ्रूट सॅलड होतं. तिथे फळं अक्काच पुरवणार होती, तिने आचाऱ्याला आधीच गाठलं. "केळाच्या साली मला ठेवा, न्हाईतर पुढच्या लग्नाला पपई कच्ची पाठवीन." साली आल्या.

अडलं ते ड्रमवर. द्राक्षाचं गाव, प्रत्येक दारात निळे ड्रम, आणि एकही असा नाही ज्यात कधी औषध कालवलेलं नव्हतं! मी दारोदार विचारत फिरले. "धुवून देतो की ताई." धुवून? प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं औषध धुवून जातं होय? आणि हेच लोक ते ड्रम धुवून त्यात गव्हाचं बी ठेवतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. यावर मी स्वतंत्र पत्रक काढणार आहे, काढणार म्हणजे काढणारच.

संध्याकाळी हात हलवत शेडवर आले तर अंगणातून काकूंचा आवाज येत होता.

"आवो, घरात आता प्यायचं काय? वतलं समदं पानी!"

"कळशीतलं पी."

अण्णा ड्रम लोळवत येत होते. घरातला, पिण्याच्या पाण्याचा. मिशी ओली, धोतर ओलं.

"ह्याला औषीद शिवलेलं न्हाई," म्हणाले. "माझ्या हातानं धुतला असता, पर माझ्या हाताला असंल म्हनून हिच्याकडून धुवून घेतला."

मागून काकू म्हणाल्या, "धुतला, आन् आता घिऊन चालला. चांगलं हाय."

आणि त्या दिवसापासून अण्णा बदलले. बदलले म्हणजे वेडे झाले म्हणा. यीस्ट सोडताना मी या वेळी नीट सांगितलं, ही बुरशी आहे, हिला गोड लागतं, ऊब लागते, आणि तुमचं औषध चालत नाही. अण्णा दोन हात लांब उभे राहून ऐकत होते, हात पाठीमागे बांधून, जणू हातांवर भरवसा नाही. शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी अंघोळ करायला लागले. मी निरगुडसरला गेले की फोन.

"बुडबुडं चालू हायेत."

"बरं, अण्णा."

"सकाळी जोरात व्हतं, आता वाईच दमानं हायेत. दमली का काय?"

"थंडी पडलीय ना. थंडीत हळू होतं तिचं."

फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर ड्रमला गोधडी गुंडाळलेली, वर सुतळीने बांधलेली, आणि पायाशी कोमट पाण्याची घागर. माझ्या सगळ्या शिक्षणात मला हे कुणी दाखवलं नव्हतं. ड्रम बाहेरून हाताला छान उबदार लागत होता, आणि बाटली कशी बोलत होती म्हणता!

पण एवढ्यावर थांबलं असतं तर ते अण्णा कसले. हवा ढगाळ झाली. डावणीची हवा. संतोष ब्लोअर घेऊन निघाला. ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागचा मोठा पंखा, औषधाचं धुकं उडवतो. शेडला लागून असलेल्या ओळींपाशी अण्णा रस्ता अडवून उभे.

"ह्या चार वळी सोड."

"अण्णा, डोकं फिरलंय का? ढग बघा वर!"

"सोड म्हनलं ना. वारं शेडकडं हाय."

"डावणी आली तर घड जातील!"

"जातील. बाग माझी हाय."

मी धावत गेले. "अण्णा, ड्रम घट्ट बंद आहे. आत काही जात नाही. मारू द्या त्याला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मागंबी ड्रम घट्टच बंद व्हता. आन् मी झाकान उघाडलंच ना?"

 संतोषने पंखा बंद केला आणि त्या चार ओळी सोडून पुढे गेला. जाताना मला म्हणाला, "मॅडम, आता चहा झालाच पाहिजे. नाही झाला तर म्हातारा मला काही बोलणार नाही, पण त्याच्याकडं बघवणार नाही." तो पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलला. तेव्हा मला कळलं, पणाला फक्त शेड लागलेली नाही.

बुडबुडे मंदावले, थांबले. या वेळी जेवण संपून थांबले. आम्ही उकळलं, पुन्हा उकळलं, कडू औषध मिसळलं. हाती आलं ते थोडंच. ते खोटं सांगणार नाही, सालींच्या ढिगापुढे ती बाटली बघून कुणीही हसेल. पण बाटली होती!

संकष्टीची दुपार. अंगणात अण्णा घोंगडीवर बसलेले, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. भावकी जमलेली. ऊन स्वच्छ पडलेलं. स्टोव्ह मधोमध, वर चहाचं पातेलं. मी काडी ओढली, लावली आणि मागे झाले.

काहीच दिसलं नाही.

ज्योत नाही, धूर नाही, वास नाही. लोक वाट बघत राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्ये काय पेटंना राव." अण्णांचा चेहरा उतरत चालला. संतोषसुद्धा हसला नाही, उठून स्टोव्हजवळ आला आणि "बघू, वात ओली असेल," म्हणत त्याने बोट पुढे केलं.

"आई गं!"

तो बोट तोंडात घालून नाचायला लागला. मला इतका आनंद झाला की सांगू नये, पण सांगते. इथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही! फिकट निळी असते, आणि उन्हात पार विरघळून जाते. मी पळत घरात गेले, मिठाची चिमूट आणली आणि ज्योतीवर टाकली. भसकन पिवळी! सगळ्या अंगणाला दिसली.

"आगं, उपासाला मीठ टाकलंस?" अण्णा ओरडले.

रत्नाक्का म्हणाली, "आवो, तुमच्या च्यात न्हाई टाकलं. आगीला कुठं उपास असतोय?"

पातेलं सूं करायला लागलं. दूध वर आलं. काकूंनी गाळला, पहिला कप अण्णांना. अण्णांनी दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी हाय," म्हणाले.

"सगळी साखर बुरशीनं खाल्ली," मी म्हटलं. आणि मग जे हसले अण्णा! त्यांना ठसका लागला, काकूंना पाठ चोळावी लागली.

आता कुणी विचारेल, एवढ्याने काय होणार? गाड्या धावणार का? नाही धावणार. माझ्या शेडमधून देशाचं इंधन निघत नाही, आणि निघतं असं सांगत फिरणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण रत्नाक्काच्या गाडीच्या साली आता ओढ्यात जात नाहीत. तिच्या गल्लीतल्या इतर गाड्यांच्याही जात नाहीत. दर संकष्टीला त्या येडगावला येतात, आणि पुढच्या संकष्टीचा चहा होऊन ओझरला परत जातात, कारण अक्काने आता गाडीशेजारी चहाही सुरू केलाय. चोथा खतात जातो. आंबायचं ते ड्रममध्ये आंबतं, ओढ्यात नाही. मला हवं होतं ते एवढंच होतं. राहून राहून वाटतं, हे पत्रकाच्या आधी करायला हवं होतं, पत्रक नंतर.

त्या चार ओळींवर डावणी आली. थोडी. काही घड गेले. अण्णांनी ते कापून बांधावर टाकले आणि अवाक्षर काढलं नाही. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "तुजी बुरशी माज्यामुळं मेली, माजी तुज्यापायी आली. फिटलं."

शेड माझ्याकडे आहे. संतोषचे क्रेट उन्हात आहेत, त्याने ताडपत्री घेतली. आणि शेडच्या बाहेरच्या भिंतीवर एक पाटी आहे. पाटी म्हणजे अण्णांनी स्वतः, फवारून उरलेल्या मोरचूद-चुन्यात केरसुणीचा तुकडा बुडवून, निळ्या, वाकड्या, हातभर अक्षरांत लिहिलंय:

इथं बुरशी पाळली हाय. फवारू नये.

मी इतकी पत्रकं लिहिली. मथळे, उपमथळे, मागण्या, निषेध. एकाही पत्रकाने एक माणूस थांबल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ब्लोअर त्या भिंतीपाशी आला की संतोष आजही पंखा बंद करतो, तेवढ्या ओळी पाठीवरच्या हातपंपाने, शेडकडे पाठ करून मारतो, आणि पुढे गेल्यावर पंखा पुन्हा चालू करतो. मी त्याला अनेकदा सांगितलं, अहो, बंद ड्रमला काही होत नाही.

तो म्हणतो, "ते तुम्ही अण्णाला सांगा."

मी कशाला सांगू?